कोळशाच्या वाघिणींचे जुने ब्रिटिश फोटो: साल आणि रंग कसे ओळखायचे?

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांचे काका १९६० च्या दशकात नोकरीसाठी इंग्लंडला, डर्बीला गेले आणि तिथेच राहिले. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या सामानात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात २३ फोटो आणि ४ काचेच्या निगेटिव्ह मिळाल्या. जवळजवळ प्रत्येकात कोळशाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, आहे, माणसं क्वचितच. हे फोटो कधीचे, वाघिणींचे रंग काय असतील, फोटो मूळ आहेत की प्रती, आणि आता जपायचे कसे, असं ताईंनी विचारलंय. दोन फोटोंचे स्कॅनही पाठवलेत.

ताई, आधी एक विनंती. डब्यातले फोटो ज्या क्रमाने आहेत तो क्रम मोडू नका. प्रत्येकाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने १, २, ३ असे आकडे घाला. बॉलपेन नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. एकत्र ठेवलेले फोटो बहुधा एकत्र मिळालेले असतात. एकाचं साल लागलं की शेजारच्या चारांचा अंदाज येतो. मी गेली २६ वर्षं इंग्लंडमध्ये फोटोसंग्रहांच्या नोंदी करतोय. त्यातली बरीच वर्षं रेल्वेच्या फोटोंमध्ये गेली. क्रम विसकटलेली पेटी आणि क्रमात राहिलेली पेटी यांतला फरक मी पुष्कळदा अनुभवलाय.

आता मुद्द्यावर येतो. वाघीण पाहिली की डोळा आधी बाजूवरच्या मोठ्या नावाकडे जातो. तुम्हीही दोन्ही स्कॅनबरोबर आधी नावंच लिहून पाठवलीत. माझी पद्धत उलटी आहे. नाव शेवटी वाचायचं. आधी वाघिणीचा खालचा भाग पाहायचा: चाकं, ब्रेक, बफर (दोन्ही टोकांना धक्का झेलणारे भाग), आणि चौकटीच्या लांब तुळईवरची छोटी लोखंडी पाटी. फोटोचं वय तिथे असतं. नाव मालक सांगतं, वय क्वचितच सांगतं.

पण वाघिणीवर मालकाचं नाव असतंच का, हे आपल्याकडच्या माणसाला आधी समजावं लागतं. आपल्याकडे मालगाडी म्हटली की ती रेल्वेची. ब्रिटनमध्ये मात्र कोळशाच्या लाखो वाघिणी रेल्वेच्या नव्हत्याच. खाणकंपन्या, कोळशाचे घाऊक आणि किरकोळ व्यापारी, गॅस बनवणारे कारखाने, सिमेंटवाले, अशा अनेकांनी स्वतःच्या वाघिणी बांधून किंवा हप्त्याने घेतल्या होत्या. रेल्वे फक्त त्या ओढून नेण्याचं भाडं घ्यायची. १९१३ साली ब्रिटनमध्ये सुमारे २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला, यावरून पसारा कळेल. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा खाजगी वाघिणी ६ लाखांच्या आसपास होत्या. छोट्या गावातल्या कोळसेवाल्याकडे पाच-सहा वाघिणी असायच्या. त्याला त्या फिरती जाहिरात म्हणूनही हव्या असत आणि फिरतं कोठार म्हणूनही. माल स्टेशनच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, वाघिणीतच पडून राहायचा आणि गिऱ्हाईक येईल तसा पोत्यांत भरून विकला जायचा. म्हणून अक्षरं एवढी मोठी, सावली घातलेली, लांबून वाचता येणारी.

याला एक मोठा अपवाद आहे. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल-डरहॅमच्या बाजूला, नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने कोळशाच्या वाघिणी मुख्यतः स्वतःकडे ठेवल्या. त्या खालून उघडणाऱ्या, नरसाळ्यासारख्या. स्टेशनात उंचावरच्या रुळांवर नेऊन खालच्या कप्प्यांत कोळसा सोडायचा. त्यामुळे पुष्कळ कोळशाच्या वाघिणी दिसताहेत आणि एकावरही व्यापाऱ्याचं नाव नाही, असा फोटो निघाला तर माझं लक्ष आधी त्या भागाकडे जातं. त्याच भागात चॉल्ड्रन नावाच्या त्याहून जुन्या, लहानशा काळ्या वाघिणी होत्या. वर रुंद, खाली निमुळत्या, जेमतेम अडीच टनांच्या. खाणींच्या आतल्या रुळांवर आणि सीहॅमच्या बंदरात त्या विसाव्या शतकातही बराच काळ टिकल्या. त्यामुळे चॉल्ड्रन दिसली म्हणून फोटो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला ठरवू नका.

आता खालचा भाग. पहिली खूण बफरची. जुन्या वाघिणींना स्प्रिंगचे बफर नसत. चौकटीच्या लाकडी तुळयाच पुढे काढून त्यांची टोकं लोखंडाने मढवलेली असत. यांना तिथे ‘डंब बफर’ म्हणतात. रेल्वे क्लिअरिंग हाउस ही सगळ्या रेल्वे कंपन्यांचे हिशेब जुळवणारी संस्था १८४२ पासून होती. तिने १८८७ मध्ये खाजगी वाघिणींचे नमुने ठरवून दिले आणि नव्या वाघिणींना स्प्रिंगचे बफर सक्तीचे झाले. जुन्या डंब बफरवाल्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुख्य मार्गांवरून हद्दपार झाल्या, पण खाणींच्या अंगणात पुढे कित्येक वर्षं राबत राहिल्या. तेव्हा डंब बफरवाली वाघीण मोठ्या स्टेशनात, इतर गाड्यांमध्ये उभी असेल तर फोटो जुना. खाणीच्या तोंडाशी उभी असेल तर ती खूण एकटी पुरत नाही.

दुसरी खूण चाकाच्या आसाच्या टोकाशी असलेल्या अ‍ॅक्सलबॉक्सची. जुन्या पेटीला वरून झाकण असतं, त्यातून घट्ट ग्रीस भरायचं. १९२३ च्या नमुन्यापासून तेलाच्या पेट्या आल्या. त्या दोन भागांत बोल्टने जोडलेल्या, समोरून गोलसर. साध्या भिंगाखाली हा फरक दिसतो. १९२३ ची ठरावीक वाघीण १२ टनांची, बहुधा सात फळ्यांची, म्हणजे बाजूच्या भिंतीला एकावर एक सात आडव्या फळ्या. चौकट साडेसोळा फूट लांब, ८ फूट रुंद, आणि दोन आसांमधलं अंतर ९ फूट. हे ९ फूट लक्षात ठेवा, फोटोतली ती तुमची मोजपट्टी. आडव्या बाजूने घेतलेल्या फोटोत दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, ते ९ फूट धरा, आणि बाकी सगळं त्यावरून काढा. लांबी १५ फुटांच्या आसपास भरली तर तो जुन्या काळचा, ८ किंवा १० टनांचा नमुना.

तिसरी खूण ब्रेकची. या वाघिणींना इंजिनातून लागणारा ब्रेक नव्हताच. लांब लोखंडी दांडा हाताने खाली दाबून खुंटीला अडकवायचा. मोठ्या उतारावर गाडी थांबवून माणसं वाघिणींचे दांडे एकेक करून पाडत चालायची आणि उतार संपला की पुन्हा उचलायची. जुन्या वाघिणींना दांडा एकाच बाजूला असे. त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या माणसाला रुळांमध्ये शिरावं लागे आणि त्यात जीव जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नियमांनी दोन्ही बाजूंना दांडा आवश्यक केला. तुमच्या फोटोंत दांडा नसलेली बाजू दिसली तर ती वेगळी नोंदवून ठेवा.

आणि चौथी खूण ती छोटी पाटी. खाजगी वाघीण रेल्वेच्या रुळांवर आणायची तर कोणत्या तरी रेल्वे कंपनीकडून तपासून नोंदवून घ्यावी लागे. त्या नोंदणीची ओतीव लोखंडाची पाटी चौकटीच्या तुळईवर ठोकलेली असे. रेल्वेचं नाव, नोंदणी क्रमांक, साल, किती टनांची, एवढं तिच्यावर असतं. काचेच्या निगेटिव्हमध्ये इतका बारकावा असतो की चांगल्या स्कॅनवर ही तळहाताएवढी पाटी कित्येकदा वाचता येते. १ जानेवारी १९२३ पासून ब्रिटनच्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या: ग्रेट वेस्टर्न, एलएमएस, एलएनईआर आणि सदर्न. पाटीवर ‘मिडलंड’ हे जुन्या कंपनीचं नाव असेल तर नोंदणी त्याआधीची, ‘एलएमएस’ असेल तर नंतरची.

पण पाटीवरचं साल वाघिणीचं असतं, फोटोचं नव्हे. मी हे चुकून शिकलोय. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका फोटोवर १९११ लिहिलं, कारण पाटीवर स्वच्छ १९११ वाचता येत होतं. तो फोटो त्या सालाखाली दोन वर्षं संग्रहात राहिला. मग एका सहकाऱ्याने मागच्या रांगेतली, अर्धी झाकलेली एक वाघीण दाखवली. तिच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजी ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक होता. हा ‘पी’ रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर, म्हणजे १९४८ नंतर, पूर्वीच्या खाजगी वाघिणींना ब्रिटिश रेल्वेने दिला. माझी नोंद जवळजवळ चाळीस वर्षांनी चुकली होती. तेव्हापासून मी समोरच्या वाघिणीवर जेवढा वेळ देतो तेवढाच मागच्या रांगेवर देतो.

आता तुमचा पहिला स्कॅन. एकच वाघीण, बरोबर आडवी, मागे काहीच नाही, नुसतं पांढरं. हे धुकं नव्हे. कारखान्याच्या फोटोग्राफरने निगेटिव्हवर रंग लावून मागचं सगळं झाकलंय. चाकांच्या कडा पांढऱ्या रंगवल्यात. अशी चाकं रुळावर एक दिवसही टिकत नाहीत, ती फोटोपुरती असतात. म्हणजे हा वाघीण बांधणाऱ्या कारखान्याने नवी वाघीण ताब्यात देण्याआधी काढलेला फोटो. ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनी, वेकफील्डजवळ हॉर्बरीची चार्ल्स रॉबर्ट्स, स्कॉटलंडमध्ये मदरवेलची हर्स्ट नेल्सन, असे मोठे कारखाने आपल्या कामाच्या नोंदीसाठी आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी असे फोटो काढत. आज आपल्याला या वाघिणींबद्दल जे नेमकं कळतं, त्यातलं बरंचसं या फोटोंमुळे.

भिंगातून काय दिसतं ते सांगतो. सात फळ्या. अ‍ॅक्सलबॉक्स दोन भागांचा, तेलाचा. डाव्या टोकाला वरच्या कडेशी आडवी लोखंडी सळई, म्हणजे तिकडची आख्खी भिंत वरच्या बिजागरीवर उघडते. असा शेवटचा दरवाजा बंदरासाठी लागे. कार्डिफ, बॅरी अशा गोदींत वाघीण उचलून तिरकी करायची आणि कोळसा थेट जहाजात ओतायचा. बॅरीच्या गोदीने १९१३ मध्ये एका वर्षात १ कोटी १० लाख टनांहून जास्त कोळसा असाच रवाना केला. खाली उजवीकडे तीन आकडे आहेत, ६-१४-०. तुम्ही त्यांना तारीख समजलात. ती तारीख नाही, रिकाम्या वाघिणीचं वजन आहे: ६ टन, १४ हंड्रेडवेट, ० क्वार्टर. २० हंड्रेडवेटचा एक टन, ४ क्वार्टरचा एक हंड्रेडवेट. आपल्या खंडी-मणासारखाच जुना हिशेब. डावीकडे बारीक तिरप्या अक्षरांत ‘रिकामी झाल्यावर अमुक खाणीकडे पाठवा’ अशी ओळ आहे आणि तिच्या शेवटी एलएमएस ही अक्षरं. तेलाच्या पेट्या आणि एलएमएस, दोन्ही १९२३ नंतरचं सांगतात. दुसरीकडे, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने खाजगी वाघिणी ताब्यात घेऊन एकाच साठ्यात टाकल्या. त्यानंतर कुणी व्यापारी स्वतःच्या नावाची नवी कोरी वाघीण रंगवून घेणं संपलं. म्हणून हा फोटो १९२३ ते १९३९ मधला. वाघिणीवरचा क्रमांक १०१ आहे, त्यावरून मालकाकडे शंभर वाघिणी होत्या असं समजू नका. धंदा मोठा दिसावा म्हणून काही व्यापारी पहिल्याच वाघिणीला मोठा आकडा देत.

दुसरा स्कॅन मला स्वतःला जास्त आवडला, आणि तुम्ही तो ‘खराब’ म्हणून शेवटी पाठवलाय. सायडिंगला उभ्या सात-आठ वाघिणी, पावसाने ओली जमीन, कुणी सजवलेलं काही नाही. मधली लाकडी वाघीण पाहा. तिच्यावरचं नाव वाचता येत नाही, कारण सातपैकी दोन फळ्या बदलल्यात. नव्या फळ्यांना रंगच नाही. जुन्या फळ्यांवर अक्षरांचे डोके आणि पाय उरलेत, मधली पोटं गेलीत. युद्धाच्या काळात आणि नंतर हेच घडलं. वाघिणी मालकाकडे परतल्याच नाहीत. जी मोडेल ती जवळच्या कारखान्यात दुरुस्त व्हायची. रंगाला ना वेळ होता ना पैसा. एका फळीवर काळा चौकोन रंगवून त्यात क्रमांक घातला की वाघीण पुन्हा रुळावर. तुमच्या वाघिणीवर तो ‘पी’ क्रमांक आहे. पाच लाखांहून जास्त खाजगी वाघिणी ब्रिटिश रेल्वेकडे या अवस्थेत आल्या. तीस वर्षं दिमाखात फिरलेली नावं फळीफळीने अशी पुसली गेली, आणि त्याचे फोटो फार थोड्यांनी काढले.

त्याच स्कॅनमध्ये उजवीकडे एक पोलादी वाघीण आहे. ती १६ टनांची, युद्धकाळापासून लाकडी वाघिणींच्या जागी आलेली. तिच्या बाजूचा दरवाजा खाली न पडता कपाटाच्या दोन दारांसारखा उघडतो, हे बिजागऱ्यांवरून दिसतं. हा प्रकार फ्रान्सच्या रेल्वेसाठी ब्रिटनमध्ये बांधलेला. त्यातल्या काही हजार वाघिणी १९५० च्या सुमारास परत ब्रिटिश रेल्वेकडे आल्या. म्हणजे फोटो त्यानंतरचा. आणि लाकडी वाघिणी १९५० च्या दशकात झपाट्याने मोडीत निघाल्या. तेव्हा हा फोटो १९५० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातला धरायला हरकत नाही. काका तोवर इंग्लंडला पोहोचले नव्हते. हा त्यांनी काढलेला नाही, कुणाकडून तरी घेतलेला आहे.

रंगाचा प्रश्न मला वर्षभरात सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याची चुकीची उत्तरंही सगळ्यांत जास्त फिरतात. कृष्णधवल फोटोतली गडद छटा म्हणजे गडद रंग, असं धरून चालत नाही. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरचा थर फक्त निळ्या प्रकाशाला प्रतिसाद द्यायचा. पुढे ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ थर आला, त्याला हिरवाही कळू लागला, पण लाल नाही. लाल रंग त्याच्या लेखी काळाच. त्यामुळे तांबड्या मातीसारख्या रंगाची वाघीण, जी ब्रिटनमध्ये अतिशय सामान्य होती, फोटोत कोळशासारखी काळी उतरते. निळी वाघीण फिकट, जवळजवळ पांढुरकी दिसते. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारा ‘पॅनक्रोमॅटिक’ थर क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणला. पण तो महाग होता आणि त्याची निगेटिव्ह पूर्ण अंधारात धुवावी लागे. ऑर्थोक्रोमॅटिक लाल दिव्याखाली डोळ्यांनी पाहत धुता येई, म्हणून कारखान्यांतले फोटोग्राफर पुढे कित्येक वर्षं तोच वापरत राहिले.

मग करायचं काय? लाकूड आणि लोखंड यांची तुलना करायची. वाघिणीच्या कोपऱ्यांवरच्या लोखंडी पट्ट्या बहुधा काळ्या असत. फळ्या आणि पट्ट्या सारख्याच गडद दिसल्या तर वाघीण काळी असेल किंवा लाल, दोन्ही शक्य. फळ्या पट्ट्यांपेक्षा स्पष्टपणे फिक्या असतील तर ती काळी नव्हे. तुमच्या पहिल्या स्कॅनमध्ये फळ्या मध्यम गडद आहेत आणि पट्ट्या वेगळ्या उठून दिसतात. अक्षरांची काळी सावलीही फळीवर ओळखू येते. फोटो ऑर्थोक्रोमॅटिकवर असेल तर ही वाघीण राखाडी किंवा हिरवट. पॅनक्रोमॅटिकवर असेल तर लालही चालेल. एरवी मी आकाश पाहतो. आकाश कोरं पांढरं असेल तर थर निळ्याला जास्त प्रतिसाद देणारा, ढग नीट उतरले असतील तर थर नवा किंवा भिंगाला पिवळी काच लावलेली. इथे मागचं सगळं झाकल्यामुळे तोही पुरावा नाही. म्हणून या वाघिणीचा रंग फोटोवरून ठरत नाही. तो कारखान्याच्या ऑर्डरबुकात मिळू शकतो. ग्लॉस्टर कंपनीची कागदपत्रं आणि फोटो ग्लॉस्टरशायरच्या अभिलेखागारात आहेत. हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी ही १९५० मध्ये स्थापन झालेली संस्था डर्बीशायरमध्येच आहे आणि तिच्याकडे वाघिणींच्या फोटोंचा फार मोठा साठा आहे. तिथे मालकाच्या नावावरून शोध घेता येतो. नाव शेवटी वाचा म्हणालो ते यासाठी: तोवर साल हाताशी आलेलं असतं, आणि नाव व साल दोन्ही असलं की नोंदवहीचं नेमकं पान उघडतं.

संगणकाने आपोआप रंग भरलेले फोटो हल्ली पुष्कळ फिरतात. कृपा करून या २३ फोटोंवर ते करू नका, निदान मूळ स्कॅनवर तरी नको. यंत्राला लाल कुठे काळा झालाय हे कळत नाही. ते काळ्याला काळंच रंगवतं, आणि मग तोच ‘रंगीत पुरावा’ म्हणून पुढे जातो.

मूळ की प्रत, याचं उत्तर फोटोच्या पाठीवर असतं. पोस्टकार्ड असेल आणि पाठ मधोमध रेघ मारून विभागलेली असेल, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, तर ते १९०२ नंतरचं. ब्रिटनमध्ये तशी परवानगी त्या साली मिळाली. कारखान्याचे फोटो संग्रहालयं आणि संस्था आजही छापून विकतात. चकचकीत प्लास्टिकसारखा कागद आणि पाठीवर कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव तिरपं छापलेलं असेल तर ती बहुधा १९७० नंतरची प्रत. पहिला स्कॅन मला तशी प्रत वाटतो. त्यामुळे त्यातली माहिती कमी होत नाही, फक्त बाजारातली किंमत कमी होते. चार काचेच्या निगेटिव्ह मात्र मूळ असण्याची शक्यता फार आहे. त्यांची मापं घ्या. साडेआठ बाय साडेसहा इंच असेल तर ‘होल प्लेट’, साडेसहा बाय पावणेपाच असेल तर ‘हाफ प्लेट’.

जपण्याबद्दल थोडं, कारण ठाण्याचा पावसाळा यांना मानवणारा नाही. काच फक्त कडांनी धरा. जी बाजू मंद, चमक नसलेली, तिच्यावर चित्राचा थर आहे. तिला पाणी, ओलं फडकं, तोंडाची वाफ काहीच लागू देऊ नका. साध्या कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत घालून लांब कडेवर उभ्या ठेवा. एकावर एक आडव्या रचल्या तर खालची तडकते. पत्र्याचा डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, स्वयंपाकघराजवळ नको, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर नकोच. आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी धरते. फोटो लॅमिनेट करायचा मोह टाळा. स्कॅन करताना कागदी फोटो ६०० डीपीआयला, काचा त्याच्या किमान दुप्पट, टिफ फाइलमध्ये. फोटोची पाठ आणि कडाही स्कॅन करा. कडा कापून ‘सुबक’ केलेल्या स्कॅनमधून कितीतरी पुरावे जातात. डब्यात फिल्मच्या निगेटिव्ह निघाल्या आणि कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल, तर त्या वेगळ्या ठेवून मला कळवा. १९५० च्या आसपासपर्यंत काही फिल्म नायट्रेटच्या असत आणि त्या फार चटकन पेट घेतात.

तुम्ही सहज विचारलंत की यात आपल्याकडची वाघीण असू शकेल का. असू शकेल. याच कारखान्यांतून हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठीही वाघिणी बांधून जहाजाने जायच्या, आणि त्यांचेही असेच फोटो काढले जायचे. ब्रिटनचे रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे, आपले मोठे रूळ साडेपाच फुटांचे. समोरून घेतलेला फोटो असेल तर चाकांमधल्या अंतरावरून ती लगेच ओळखू येते.

आता तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलेली, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. डब्याच्या तळाशी सात-आठ लहान चौकोनी फोटो आहेत, पांढऱ्या काठाचे, ‘नुसत्या गंजक्या वाघिणींचे’, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचे स्कॅन पाठवलेच नाहीत. तो आकार आणि काठ काकांच्या काळाशी जुळतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॅमेरा असलेला प्रत्येक रेल्वेवेडा वाफेच्या इंजिनामागे धावत होता. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेची वाफेची इंजिनं मुख्य मार्गावरून निवृत्त झाली आणि तोवर फिल्मचा एकेक तुकडा त्यांच्यावरच खर्च होत होता. वाघीण फोटोत आली तर इंजिनाच्या मागे, अर्धी कापलेली. वेल्समधल्या बॅरीला वुडम ब्रदर्सच्या भंगारअड्ड्यावर मोडीत काढायला इंजिनं आणि वाघिणी दोन्ही आल्या होत्या. वाघिणी कापायला सोप्या म्हणून आधी त्या कापल्या. इंजिनं वाट पाहत उभी राहिली आणि त्यातली २१३ पुढे लोकांनी वाचवली. वाघिणींसाठी असं कुणी आलं नाही. पाच-सहा लाखांतल्या मूठभर आज उभ्या आहेत.

अशा वेळी डर्बीत नव्याने आलेला एक मराठी माणूस थांबून, मुद्दाम, गंजक्या वाघिणींचे फोटो काढत होता. तेच मला पाहायचे आहेत. ते आधी स्कॅन करा. वाघिणीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातला काळा चौकोन आणि त्यातला ‘बी’ने सुरू होणारा क्रमांक नीट येईल असं पाहा. कुठे ‘सीओएनडी’ अशी चार अक्षरं रंगवलेली दिसली तर ती वाघीण मोडीत काढायची ठरली होती. दरवाजाच्या टोकाकडे वर चढत जाणारी पांढरी तिरपी पट्टी दिसेल, ती कुठल्या बाजूची भिंत उघडते हे सांगते. आणि प्रत्येक फोटोची पाठ पाहा. काकांनी जागा, तारीख, काहीही लिहिलं असेल, मराठीत असलं तरी ते तसंच स्कॅन करून पाठवा. इथल्या संग्रहांत मोडी-मराठी वाचणारं फारसं कुणी नाही, ते मी वाचून नोंदवून देईन.